माझ्या उजव्या फळीचे एकोणीस विजय

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांचे डोळे तपासून नंबर काढणं हा माझा सव्वीस वर्षांचा धंदा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी केवढा गाढव ठरलो ते वाचणाऱ्याला नीट मोजता येईल.

दादा सुतार आहे, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. दर रविवारी दुपारी, सुट्टीमुळे बंद असलेल्या त्याच्या कारखान्यात, करवतीच्या मशीनशेजारच्या टेबलावरचा भुसा हाताने सारून आम्ही बुद्धिबळ मांडतो. मोहरे त्यानेच घडवलेले आहेत. तीस वर्षं मी तिथे इमानेइतबारे जाऊन हरत आलो. एखादा डाव बरोबरीत सुटला तर आठवडाभर मी दुकानात गुणगुणत असे.

मग गेल्या वर्षी मी जिंकलो. पुढच्या रविवारी परत जिंकलो. मधे काही डाव हातचे गेले, पण सात-आठ महिन्यांत मी दादाला एकोणीस वेळा हरवलं.

एवढं यश पदरात पडलं की माणसाला त्यामागचं शास्त्र सापडतंच. मलाही सापडलं. त्याला मी 'उजवी फळी' असं नाव दिलं. आपल्या उजव्या कडेने हत्ती आणि उंट पुढे काढायचे, की दादाची दाणादाण. मी एक वही घातली. तारीख, चाली आणि शेवटी लाल शाईने शेरा: 'अचूक', 'उत्कृष्ट', एकदा तर चक्क 'अप्रतिम'. खेळाडू मी आणि परीक्षकही मीच, त्यामुळे निकालात कधी वाद झाला नाही. गिऱ्हाईक फ्रेम निवडत असलं की मी त्याला उजवी फळी समजावून सांगत असे. एक बाई तर हाताला लागेल ती फ्रेम घेऊन निघून गेल्या. त्यांना विषय पटला, असं मी तेव्हा धरून चाललो.

बायको मात्र दाद देत नव्हती.

"तुम्ही जिंकत नाही," ती म्हणाली. "भाऊजी चुकतात."

समोरच्याला चुकायला भाग पाडणं हेच तर कौशल्य, असं मी तिला ऐकवलं. त्यासाठी मी नेमकं काय करतो, असं तिने विचारलं. ते सांगून समजायचं नाही, असं म्हणून मी पेपर उघडला. खरं तर मलाच ठाऊक नव्हतं. दादा त्याचा वजीर आणून माझ्या हत्तीच्या तोंडात ठेवायचा आणि मी तो खायचो. एवढंच माझं शास्त्र होतं.

हरला की दादा, आज लक्ष नव्हतं, म्हणायचा आणि मोहरे डबीत भरायचा. वर्षभरात दोनदा त्याचा डावा अंगठा करवतीला लागला होता. वय झालं, असं मी मनात म्हटलं, आणि तेही जरा खुशीतच. डोळ्यांची शंका येण्याचा प्रश्नच नव्हता. दरवर्षी मीच त्याचा नंबर काढत होतो, आणि तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ तो घडाघडा वाचत होता.

त्या रविवारी मी पोहोचलो तेव्हा माझ्या जागेवर सलूनवाला बसला होता. त्याच्या दुकानातल्या खुर्चीचा पाय दादाने दुरुस्त करून ठेवला होता. तो न्यायला आला आणि खेळायला बसला. हा माणूस घोडा किती घरं जातो ते दर वेळी विचारून घेतो. मी दादाच्या मागे उभा राहून बघू लागलो.

सलूनवाला जिंकत होता. त्याचा हत्ती त्याच्या उजव्या कडेला उभा होता. दादाने वजीर उचलला आणि नेमका त्याच हत्तीसमोर ठेवला. सलूनवाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, खाऊ का म्हणून. मग खाल्ला.

मला राग आला, आणि तोही दादाचा नाही. माझी फळी या माणसाला न शिकता कशी जमली, याचा. त्या रागातच माझी नजर पटावरून दादाच्या डोक्याकडे गेली. त्याचं डोकं पटाच्या डाव्या कडेकडे वळतच नव्हतं. चहाचा कप पुढे करायच्या निमित्ताने मी त्याच्या डाव्या बाजूने हात हळूहळू पुढे नेला. कप अगदी नाकासमोर आला तेव्हा तो दचकला.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो माझ्या एकोणीस विजयांचा. आता तोंड उघडलं तर ते सगळे पुसले जाणार होते. हा विचार किती वेळ टिकला ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. मग शेजारच्या मशीनकडे लक्ष गेलं. सोमवारी सकाळी दादा ते सुरू करणार होता, आणि फळी पुढे ढकलणारा त्याचा डावा हात त्याला दिसणार नव्हता.

सलूनवाल्याला वाटेला लावून मी दादासमोर बसलो. एक डोळा झाक, माझ्या नाकाकडे बघ आणि बोट दिसलं की सांग, असं म्हणालो. ही तपासणी मला येते. पण दुकानात माणूस नंबर काढायला येतो आणि नंबर निघाला की उठतो. मी दादालाही तसाच उठवत आलो होतो. डाव्या डोळ्याला माझं बोट जवळजवळ कुठेच दिसलं नाही. उजव्याला नाकाच्या बाजूने दिसलं नाही.

"दादा, उद्या मशीन लावू नकोस," मी म्हटलं. "आपल्याला डॉक्टरकडे जायचंय."

काचबिंदू निघाला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. डाव्याचं गेलं ते परत येणार नव्हतं. उजव्याचं उरलेलं औषधाने आणि एका शस्त्रक्रियेने राखता येणार होतं. हे कधीपासून होतंय, असं त्यांनी विचारलं. दादाने खांदे उडवले. तेव्हा सोबत आलेल्या माझ्या बायकोने पिशवीतून माझी डावांची वही काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरबाईंनी पानं उलटली, लाल शाईजवळ थबकल्या आणि हे शेरे कुणाचे, असं विचारलं. माझे, मी म्हणालो. त्यांनी माझ्या पहिल्या विजयाची तारीख केसपेपरवर उतरवून घेतली.

शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने आम्ही परत कारखान्यात बसलो. करवत आता दुसरा कारागीर चालवतो. दादा पॉलिशचं काम बघतो. करवत सुटली त्यालाही त्याने नावं ठेवली नाहीत, आणि ते मला फार लागलं.

"मला कळायला हवं होतं रे," मी म्हटलं. "माझं कामच ते. माझ्यामुळे तुझे सात-आठ महिने वाया गेले."

"तू जिंकत होतास," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तीस वर्षं तू जिंकलास, ते कशाने? माझ्या चुकांनीच ना?"

"तुझ्याकडे बघून," तो म्हणाला. "डाव फसला की तू खालचा ओठ चावतोस. चांगली चाल सापडली की खुर्चीत पुढे सरकतोस. लहानपणापासून तसाच आहेस. मला पट कधी फारसा कळलाच नाही."

डाव फसला की दादा काय करतो, हे मी आठवून पाहिलं. मला काहीही आठवलं नाही. तीस वर्षं या माणसासमोर बसून मी फक्त पट पाहिला होता. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पटाकडेच बघू लागलो. मग भानावर येऊन मान वर केली.

दादाने मान पूर्ण डावीकडे वळवली, पटाची कड सावकाश न्याहाळली आणि माझा हत्ती उचलला. मग तो माझ्याकडे बघून हसला. मी ओठ चावतोय, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.