पावागढाची पाठमोरी उतरण

मोहनाताईंनी मला पहिल्यांदा उलटं चालायला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टेबलाला लाथच मारणार होतो. चांगल्या पायानं. दुखऱ्या पायात लाथ मारायची ताकदच नव्हती.

"उलटं म्हणजे?"

"उलटं म्हणजे मागे मागे. सकाळी कमाटी बागेत जा, सपाट जागा बघ आणि चाल. गुडघ्यावर भार कमी येतो, मांडी घट्ट होते."

"लोक हसतील."

"हसू देत. आज ना उद्या त्यांचे गुडघे माझ्याकडेच येणारेत."

ताईंचं क्लिनिक अलकापुरीत. पेशंटशी गुजरातीत बोलतात, मशीन रिपेअरवाल्याशी हिंदीत, आणि कुणाला झापायचं असलं की मराठीत. माझ्याशी कायम मराठीतच बोलायच्या.

झालं होतं असं की मी पावागढ पळायचो. स्पर्धा असते ना, पायऱ्या पळत चढायच्या आणि पळत उतरायच्या, ती. चढण्यात मी बाकी पोरांसारखाच. पण उतरताना मला कुणी गाठू शकत नव्हतं. माझा दोस्त धवल म्हणायचा, "साला समरजित, तू उतरत नाहीस, पडतोस. फक्त लागत नाही तुला." मग एकदा लागलं. प्रॅक्टिसला तीन पायऱ्या एकदम उडी मारली, खाली नारळाची शेंडी पडलेली, पाय सरकला आणि गुडघा आतल्या आत वळला. आवाज मी स्वतः ऐकला. ओली काडी मोडल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादी फाटलीय. थोडीच आहे, व्यायामानं सुधारेल. नाही सुधारली तर दुर्बिणीतून ऑपरेशन.

स्कूल मी अकरावीतच सोडलेली. एक सर सगळ्या वर्गासमोर माझ्या पप्पांवर काहीतरी बोलले, मी बॅग उचलली आणि निघालो, ते निघालोच. आता लहरीपुऱ्यात सुभाषमामाच्या चपलांच्या दुकानात बसतो. बसतो म्हणजे काय, उभा राहतो, आत जातो, बाहेर येतो. मामा म्हणतो, "तुझ्या ढुंगणाला चाकं आहेत का रे?" मला एका जागी राहताच येत नाही. आणि पळणं ही एकच गोष्ट अशी होती की कुणी शिकवली नव्हती तरी मला यायची.

म्हणून मोहनाताई सांगतील ते केलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबत बसलो. सीट उंच करून सायकल चालवली. पोहायला गेलो. ताईंचा एकच हट्ट होता, दुखतंय म्हणून पडून राहायचं नाही आणि बरं वाटतंय म्हणून उड्या मारायच्या नाहीत. पहिलं मला जमलं. दुसऱ्यावरून आमची रोज भांडणं. आणि कमाटी बागेत उलटा चाललो. मॉर्निंग वॉकवाले काका थांबून बघायचे. एक जण म्हणाला, "ए भाई, रिव्हर्स हॉर्न बसवून घे." मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

शेवटी ताईंनी मला एक परीक्षा दिली. मीच डोकं खाल्लं होतं त्यांचं.

"पावागढ चढून ये. चालत. एक पायरीसुद्धा पळायची नाही. उतरताना रोपवेनं उतर. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही तर तुला पळायला सोडते."

"आणि सुजला तर?"

"तर ऑपरेशन. मग ह्या वर्षीची स्पर्धा विसर. पुढच्या वर्षीचीपण."

पप्पा म्हणाले, "मी येतो." मला एकट्यालाच जायचं होतं. पण त्यांनी रिफायनरीत सुट्टी टाकूनसुद्धा झाली होती.

पावागढ म्हणजे खरं तर आमचं त्यांच्यामुळेच. त्यांच्या शिफ्टमधले सगळे थंडीत एक रविवार धरून जायचे, बायकापोरांसकट. जनार्दनकाका पुढे, हातात काठी, प्रत्येक वळणावर "बोलो अंबे मात की" ओरडायचे आणि स्वतःच जय म्हणायचे. आई तिखटमिठाच्या पुऱ्या करायची, त्यांचा वास बसभर. मी लहानपणी पप्पांच्या खांद्यावर बसून चढलोय. तिथून सगळ्यांची टाळकी दिसायची, कुणाला टक्कल पडतंय ते मला त्यांच्याआधी कळायचं. मग मी मोठा झालो आणि उतरताना पळायला लागलो. खाली माचीला, बस थांबते तिथे, पोचून लिंबू सोडा पिऊन, भटक्या कुत्र्यांशी दोस्ती करून, कंटाळून झालं की मग पप्पा यायचे. कायम सगळ्यात शेवटी. जनार्दनकाका म्हणायचे, "गोविंदा, देवीशी गप्पा मारत बसतोस काय रे?" पप्पा हसायचे.

आता जनार्दनकाका रिटायर होऊन साताऱ्याला गेले. बाकीचेही कुठे कुठे गेले. त्या दिवशी बसमध्ये आम्ही दोघंच, आणि पुऱ्यांचा डबा.

चढण मस्त झाली. गुडघा एकदाही कुरकुरला नाही. पायऱ्या आता रुंद झाल्यात, चकचकीत झाल्यात. पूर्वी एका ठिकाणी वाट इतकी अरुंद होती की गाढव आलं की सगळे भिंतीला चिकटायचे आणि आई गाढवाला "या, या" म्हणायची. ती जागा मी शोधत होतो, सापडली नाही. वर दर्शन घेतलं, पुऱ्या खाल्ल्या आणि रोपवेला गेलो.

रोपवे बंद.

वारा सुटला होता. माणूस म्हणाला, "पवन पडशे त्यारे चालू थशे." वारा काही पडत नव्हता. पप्पांची टोपीच उडायला आली होती. आम्ही बसलो. बसलो म्हणजे ते बसले, मी येरझाऱ्या घातल्या. लाइन वाढत गेली, मग कंटाळून फुटायला लागली.

"डोली करू," पप्पा म्हणाले.

चार माणसं खांद्यावर खुर्ची घेऊन म्हाताऱ्यांना नेतात, ती डोली.

"मी? डोलीत? सतरा वर्षांचा घोडा?"

"कुणी ओळखत नाही इथे."

"मी ओळखतो ना मला!"

आवाज चढला तशी लोकं वळली. मी खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे बघितलं. ह्याच पायऱ्यांनी घात केला होता. सरळ उतरलो असतो तर अर्ध्यावरच गुडघ्यात पाणी झालं असतं, हे मलासुद्धा कळत होतं. मग आठवलं, ताईंनी क्लिनिकचा जिना मला उलटा उतरायला लावला होता. कठडा धरायचा, दुखरा पाय आधी खाली, पंजा टेकला की मग टाच.

मी पाठ वळवली, मंदिराकडे तोंड केलं आणि पहिली पायरी उतरलो.

पप्पा माझ्या खालच्या बाजूला उभे राहून सांगायला लागले. "पायरी. पायरी. आता सपाट. परत पायरी. थांब, कुत्रा. चल."

सगळ्यात आधी एका बाईनं हात जोडले. मला वाटलं देवीला. मग एका माणसानं आपल्या पोराला बाजूला ओढलं, "खस, खस, भाईने बाधा छे." बाधा म्हणजे नवस. मला कळेना हे कुणाबद्दल चाललंय. आणि मग कळलं. मंदिराकडे तोंड करून उलटा उतरणारा पोरगा! देवीला पाठ न दाखवता डोंगर उतरायचा नवस बोललाय, असं वाटत होतं सगळ्यांना.

"पप्पा, हे लोक—"

"पायरी," पप्पा म्हणाले. त्यांना हसू येत होतं, आवाजावरून कळलं.

थोडं खाली पादरा गावची एक आख्खी फॅमिली विसाव्याला बसली होती. त्यांची म्हातारी, सगळे तिला बा म्हणत होते, ती उठली आणि ताबाच घेतला माझा. नातवाला खाली उभा केला, "ए, तू बोल, भाईने पगथियां देखाड." पप्पांना म्हणाली, "तमे उपर जाओ, भाई, थाकी गया हशो." पप्पा बिचारे वर गेले, माझ्यासमोर. नातू खालून प्रत्येक पायरीला जोरात ओरडायला लागला, "पगथियुं! पगथियुं! सीधुं!" आणि बा माझ्या शेजारून चालत माझी चौकशी करू लागली.

"दीकरा, बाधा शेनी छे?"

"बाधा नथी, बा. घूंटण छे." मी गुडघ्यावर हात मारून दाखवला.

"घूंटणनी बाधा!" तिनं मागच्या सगळ्यांना सांगितलं. "जो, घूंटण माटे राखी छे. कोना घूंटण, बेटा?"

"मारा."

बा थांबलीच. "पोताना माटे?" स्वतःसाठी नवस! चेहरा असा केला, जसा मी प्रसादातला पेढा चोरलाय. "आवडो जुवान छोकरो, पोताना माटे बाधा राखे? मने थयुं मा-बाप माटे हशे."

मागून कुणीतरी हसलं. माझं डोकं सटकलं. एक तर गुडघा, त्यात वारा, त्यात ही म्हातारी. तिचं तोंड बंद करायला मी ओरडलो, "मारा पप्पाना घूंटण माटे! बस?"

बानं लगेच माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जीवतो रहे. अधवच्चे फरतो नहीं, हां." म्हणजे अर्ध्यावर वळायचं नाही.

मी वर पप्पांकडे बघितलं, आता दोघं हसू म्हणून. ते हसत नव्हते. कठड्याला धरून उभे होते, आणि चेहरा असा, जसं कुणी त्यांचं पत्र फोडलंय.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी मराठीत विचारलं. "आईनं?"

खाली पोरगं ओरडत होतं, "पगथियुं!" मी पाय खाली टाकला. पप्पाही उतरले.

आणि तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना उतरताना बघितलं. इतकी वर्षं पावागढला येतोय, चढताना बघितलेत, वर बसून पुऱ्या खाताना बघितलेत, पण उतरताना मी कधी तिथे असायचोच कुठे? ते आडवे उतरत होते. खेकड्यासारखे. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी, मग थांबायचं, मग परत. हात कठड्यावर इतका घट्ट की बोटं पांढरी. प्रत्येक पायरीला ओठ आत घ्यायचे आणि सोडायचे. दुकानात उभा राहून मी लोकांची चाल बघतो, कुणाला कुठे टोचतंय ते चप्पल घालायच्या आधी सांगतो. मामा गिऱ्हाइकांना सांगतो, भाच्याचे डोळे एक्सरे आहेत. आणि घरातलं हे?

देवीशी गप्पा! कसल्या गप्पा. हेच करत असणार ते. सगळे पुढे गेल्यावर, हळूहळू, कुणाला न दाखवता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अरे, असंच थोडं."

"पप्पा."

"तू पळायला लागलास ना, तेव्हापासून बरं झालं मला," ते म्हणाले. "आधी तुला सांभाळायला तुझ्या स्पीडनं उतरावं लागायचं."

बाला मराठी कळत नव्हतं पण तिनं मान डोलावली.

मधे वरून धाडधाड आवाज आला. पोरं येत होती, प्रॅक्टिसवाली, शॉर्ट्स घातलेली. त्यातल्या दोघांना मी ओळखत होतो. एक जण जाता जाता ओरडला, "समरजित! शुं थयुं, रस्तो भूली गयो?" आणि पोरं गेली खाली, माझ्याच स्टाइलनं, तीन तीन पायऱ्या. अंगात अशी आग उठली की सांगता येत नाही. गुडघा ठणठणीत वाटत होता. वळायचं आणि सुटायचं, बस. त्या दोघांना मी माचीच्या आत गाठलं असतं, शप्पथ.

पप्पांना ते कळलं. ते माझ्याकडे बघत थांबले. मी वळलो असतो तर ते परत सगळ्यात शेवटी, एकटे, खेकड्यासारखे.

"आडवे नका उतरू," मी चिडून म्हटलं. "असं करा. वळा. कठडा धरा. जास्त दुखतो तो पाय आधी खाली. पंजा, मग टाच."

"लोक काय म्हणतील?"

"लोक पाया पडतायत, पप्पा!"

ते वळले. पहिल्या पायरीला घाबरले, दुसरीला शिवी दिली, रिफायनरीतली. मग जमलं. आम्ही दोघं आता शेजारी शेजारी, तोंडं वर मंदिराकडे. खालून पोरगं ओरडतंय, बा मागच्यांना सांगतेय की बापानं पण बाधा घेतली, छोकरा माटे. जागा मागे सरकत जायच्याऐवजी समोरच राहत होत्या, हळूहळू लहान होत. तो वळणाचा दगड, जिथे आई संत्री सोलायची. ती टपरी, जिथे मी हट्ट केला होता आणि जनार्दनकाकांनी मला लाकडी तलवार घेऊन दिली होती. पळताना ह्यातलं काहीच दिसत नसे, फक्त पुढची पायरी दिसायची.

"ती बघ," पप्पा म्हणाले, "ती गाढवाची जागा."

"कुठे?"

"ती. भिंत पाडली, पण तीच. तुझी आई 'या, या' म्हणायची."

तीच होती. चढताना मी तिच्यासमोरून गेलो होतो.

माचीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. बानं दोघांना प्रसाद दिला आणि पप्पांना दटावलं, "हवे छोकराने दोडावशो नहीं." पोराला पळवायचं नाही म्हणे. पप्पांनी मान हलवली.

सकाळी उठलो तेव्हा पांघरूण काढायची हिंमत होईना. मग काढलं. गुडघा दिसत होता, वाटीसकट. शेजारच्या गुडघ्यासारखाच. तरी दुकानात न जाता सरळ अलकापुरीला गेलो, पप्पांना घेऊन. त्यांना सांगितलं, गुडघ्यामुळे गाडी मी चालवत नाही, तुम्ही चालवा.

मोहनाताईंनी दाबलं, वाकवलं, फिरवलं, पुन्हा दाबलं.

"उतरलास कसा?"

"उलटा."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी गुडघा आणखी एकदा वाकवून बघितला. "सूज नाही. गवतावर सुरू कर, हळू. स्पर्धेचं बघू." एवढंच. इतक्या महिन्यांत ह्या एका वाक्यासाठी मी जीव टाकला होता आणि आता धड ओरडायलापण सुचेना. मी टेबलावरून उतरलो आणि दार उघडलं. पप्पा बाहेर बाकावर, हाडांचं पोस्टर वाचत बसले होते.

"आत चला."

"झालं ना तुझं? मग मी कशाला? मला शिफ्ट आहे."

"दुपारची आहे. चला."

"अरे, तुझ्या परीक्षेचा दिवस—"

"मी पास. तुम्ही चला."

ते आले, टेबलावर बसले, खांदे पाडून, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखे. ताईंनी विचारलं, "काका, कधी दुखतं?"

पप्पा माझ्याकडे बघायला लागले.

"उतरताना," मी सांगितलं. "उजवा जास्त. चढताना काही नाही. कठडा नसेल तर दोन्ही."

"पँट वर घ्या जरा."

पप्पा वाकले, पण त्यांना लाज वाटत होती की पोट मधे येत होतं, कोण जाणे, हात घोट्यापर्यंत पोचेना. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि पँट दुमडायला लागलो.

"हळू रे," पप्पा म्हणाले. "तुझा गुडघा."