छतावरचे दोन दांडे

“वास कोणता देऊ, वहिनी? स्ट्रॉबेरी, चॉकलेट, का समुद्र?”

मालकाने काउंटरवर तीन डब्या मांडल्या, एकीचं झाकण फिरवलं आणि ती बाईंच्या नाकाशी नेली. बाईंनी डोळे मिटून हुंगलं. “समुद्र छान आहे,” त्या म्हणाल्या, “पण स्ट्रॉबेरी जास्त दिवस टिकेल ना?”

आत गाडीच्या छताचं माप घेत उभ्या असलेल्या मिस्त्रीने नाक मुरडलं. बावीस वर्षं तो या दुकानात लोकांच्या गाड्या नटवत होता, पण त्या वासांची सवय काही झाली नव्हती. समुद्राच्या डबीला संडास धुवायच्या औषधाचा वास यायचा आणि स्ट्रॉबेरीला लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा. संध्याकाळी घरी गेला की नात मांडीवर चढून त्याचा शर्ट हुंगायची. “आजोबा, आज चॉकलेट!” म्हणून खिदळायची. तो कोपरापर्यंत हात घासघासून धुवायचा, तरी जेवताना घासाला तोच वास.

आज दुकानात एकच गाडी होती. राखाडी रंगाची, चार वर्षं वापरलेली, पण अंगावर ओरखडा नसलेली. मागच्या सीटवर बाईंचे वडील बसले होते आणि त्यांच्या शेजारी त्यांची चाकाची खुर्ची, घडी घालून उभी केलेली. अर्धी सीट तिनेच खाल्ली होती. डिकी गॅसच्या टाकीने भरलेली. त्यामुळे कुठे जायचं म्हटलं की दोन मुलांपैकी एकाला घरी ठेवावं लागायचं. येत्या रविवारी म्हाताऱ्यांना त्यांच्या बहिणीकडे न्यायचं होतं, डोंगरातल्या रस्त्याने सहा तास. म्हणून छतावर दांडे बसवायचे आणि खुर्ची वर बांधायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

ते आले होते दांड्यांसाठी. दीड तास झाला तरी दांड्यांचं नाव नव्हतं. काउंटरवर ढीग मात्र वाढत होता. पायपुसणी, स्टिअरिंगचं कव्हर, दारांना लावायच्या चकचकीत पट्ट्या, मान डोलवणारं प्लॅस्टिकचं कुत्रं, सीटखाली लावायचे निळे दिवे. नाकापेक्षा मोती जड होत चालला होता. मालक एकेक वस्तू पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, “आता गाडी कशी भरल्यासारखी दिसेल बघा!” जावईबापू मान डोलवायचे. ते कुत्रंही डोलवायचं. मिस्त्रीने तोंड फिरवलं.

गाडीतून खोकल्याचा आवाज आला.

“मिस्त्री, पाणी मिळेल का थोडं?” म्हातारे म्हणाले. “त्यांना आता हाक मारून उपयोग नाही. दोघंही खरेदीत बुडालेत.”

मिस्त्रीने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. म्हाताऱ्यांचे तळवे रुंद होते, अंगठ्याच्या मुळाशी जुने घट्टे.

“काय काम करत होता?”

“क्रेन. तीस वर्षं वर पिंजऱ्यात बसून काढली. आता खाली बसून काढतोय.” ते हसले. “माझी खुर्ची वर जाणार म्हणे. चला, तेवढं तरी वर कुणी जातंय.”

मिस्त्रीलाही हसू आलं. पण मालकाने कपाटावरून काढलेला खोका बघितला आणि तो हसायचा थांबला.

तो खोका त्याच्या ओळखीचा होता. बाहेर नामी कंपनीचा स्टिकर, आत कुठल्या तरी शेडमध्ये ओतलेला भंगार माल. दांडे दिसायला खऱ्यापेक्षा जास्त चकचकीत. खरी मेख पकडीत होती. दांडा छताच्या कडेला धरून ठेवणारा तो वीतभर तुकडा, सगळा भार त्याच्यावर. गेल्या महिन्यात असाच एक जोड मिस्त्रीने स्वतःच्या हाताने एका गाडीवर बसवला होता. आठव्या दिवशी हमरस्त्यावर उजव्या बाजूची पकड तुटली. वरची बॅग घेऊन दांडा मागे उडाला आणि मागून स्कूटरवर येणाऱ्या एका शिक्षिकेच्या खांद्याचं हाड मोडलं. गाडीवाला तुटका तुकडा घेऊन भांडायला आला, तेव्हा मालकाने बिलामागच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं : वापराची जबाबदारी ग्राहकाची. मिस्त्रीने तो तुकडा हातात घेऊन पाहिला होता. आतून करडा, भोकाभोकांचा, बिस्किटासारखा भुसभुशीत.

“तुम्ही नीट बसवला होता ना?” गाडीवाल्याने त्याला विचारलं होतं.

“हो,” एवढंच तो म्हणाला होता.

ते खरंच होतं. पण तेवढंच बोलून गप्प बसल्याची त्याला त्या दिवसापासून स्वतःचीच शिसारी आली होती. वासांची किळस परवडली, ती साबणाने निदान निम्मी तरी जाते.

“मिस्त्री, हा घ्या आणि लावा चटकन,” मालकाने खोका पुढे केला. चारचौघांत तो अहो-जाहो करायचा. एरवी दोघांत अरे-तुरे होतं. बावीस वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला एक ताडपत्री टाकून दोघांनी मिळून धंदा सुरू केला होता. मालकाने बोलायचं, मिस्त्रीने पाना चालवायचा. बोलणारा मालक झाला, पाना चालवणारा मिस्त्रीच राहिला. मिस्त्रीला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. काम चोख होतं तोवर.

मिस्त्रीने खोका घेतला नाही.

“साहेब,” तो जावयांना म्हणाला, “हे घेऊ नका. मागच्या फळीवर दुसरे आहेत. दिसायला साधे, काळे. किंमत तिप्पट आहे, पण पकड पोलादी आहे. याची पकड तुटते. मी तुटलेली बघितलीय.”

मग मालक मोठ्याने हसला.

“आमचे मिस्त्री फार घाबरट हो! रस्त्यावर खड्डा दिसला तरी म्हणतील गाडी विका.”

बाई हसल्या. जावई मात्र हसले नाहीत. त्यांनी मिस्त्रीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमगल्याचा भाव आला.

“तिप्पट किमतीचे,” ते म्हणाले. “बरोबर. मालकाने स्वस्त दाखवायचं आणि मिस्त्रीने भीती घालायची. जुनी युक्ती आहे ही. तुम्हाला वेगळं कमिशन मिळत असेल ना त्या काळ्यांवर?”

मिस्त्रीच्या कानशिलात कुणी मारली असती तरी एवढं लागलं नसतं. महिनाभर मनाशी झुंजून त्याने तोंड उघडलं होतं. खोट्यावर विश्वास ठेवणारी माणसं त्याने ढिगाने पाहिली होती. पण खरं सांगितल्याबद्दल चोर ठरण्याची ही पहिलीच वेळ.

“कमिशन नाही, साहेब. एका बाईचं हाड मोडलंय.”

“मोडेल हो. वाटेल तेवढं ओझं लादल्यावर मोडणारच. आमची एवढीशी खुर्ची.”

“अहो, आणि तिप्पट पैसे त्यात घालवले तर तो पुढचा व्हिडिओ दाखवणारा स्क्रीन बसणार नाही,” बाई म्हणाल्या. “मुलं किती दिवस मागे लागलीत. दांडे काय, वर्षातून चारदा लागणार.”

“वहिनी लाखमोलाचं बोललात,” मालक म्हणाला.

मिस्त्री गाडीकडे वळला. काच खाली होती. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मिस्त्री, एक विचारतो,” ते हळू आवाजात म्हणाले. “स्वतःच्या गाडीवर बसवाल तुम्ही हे?”

“मुळीच नाही.”

“हं.” त्यांनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं. “ओझं कधी दगा देत नाही. देतो तो हूक.” मग मुलीला हाक मारून म्हणाले, “अगं, ते काळे घे. नाहीतर काहीच नको. मी नाही आलो तरी चालेल. आत्याला फोन कर.”

“बाबा, तुम्ही मध्ये पडू नका ना! तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं!” मुलगी म्हणाली, आणि स्क्रीनचा आकार बघायला काउंटरकडे वळली.

मालकाने मिस्त्रीला खांद्याला धरून मागच्या सामानाच्या खोलीत नेलं. तिथे शेकडो डब्यांचे वास एकात एक मिसळून हवा चिकट झाली होती.

“डोकं फिरलंय का तुझं?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “गिऱ्हाइकासमोर?”

“तू तो माल विकणं बंद कर.”

“बाजारात प्रत्येक जण तोच विकतोय. मी एकट्याने काय सोवळं नेसून बसू?”

“त्या शिक्षिकेला भेटायला गेला होतास का?”

“मी कशाला जाऊ? मी काय तिला पाडलं?”

“मी गेलो होतो,” मिस्त्री म्हणाला. हे त्याने घरीही सांगितलं नव्हतं. “दवाखान्याच्या दारापर्यंत. आत जायची लाज वाटली. तिथूनच परत आलो.”

मालकाने फळीवरची एक डबी उचलून परत ठेवली. मिस्त्रीला वाटलं, ताडपत्रीखाली एकाच डब्यातून जेवणारा तो जुना माणूस आता बोलेल. पण मालकाने घड्याळात पाहिलं.

“हा जोड लाव. उद्या बसून बोलू.”

“नाही लावणार.”

“मग उद्याही येऊ नकोस.”

“बरं,” मिस्त्री म्हणाला. आपल्याच तोंडून हा शब्द इतका सहज निघाल्याचं त्याला नवल वाटलं.

मालकाने बाहेर येऊन घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या सरसावल्या. दहा-बारा वर्षांत त्याने पाना हातात धरला नव्हता. तो स्टुलावर चढला, पोट छताला टेकलं, ओरखडा नसलेल्या रंगावर शर्टाच्या बटणांचा कर्र आवाज झाला. पकडीखालचं रबर त्याने उलटं घातलं. मग गिऱ्हाइकासमोर जोर दिसावा म्हणून दात-ओठ खात स्क्रू पिळत सुटला. कट्ट असा बारीक आवाज आला. मिस्त्रीला तो आवाज कळला. आतल्या आट्यांची धार गेली होती, स्क्रू आता घट्ट धरणार नव्हता. मालकालाही कळला असणार, कारण तो क्षणभर थांबला, आणि मग फडक्याने दांडा पुसू लागला. त्याच्या गळ्याखालचा घाम टप्प्‌कन छतावर पडला, तोही त्याने त्याच फडक्याने पुसला.

“झक्कास!” जावई दांड्यावर थाप मारत म्हणाले. “काही हलत नाही बघा. उगाच घाबरवत होता तो माणूस.”

मिस्त्री फळीपाशी गेला. पाने, पक्कड, मोजून आवळायचा तो लांब पाना, सगळी हत्यारं त्याची स्वतःची होती. एकेक पुसून त्याने पिशवीत ठेवली. दुकानाचा निळा सदरा काढून खुंटीला अडकवला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. स्क्रीन बसत होता, निळे दिवे लागत-विझत होते, आणि बाई शेवटी स्ट्रॉबेरी आणि समुद्र दोन्ही घेत होत्या.

तो निघाला तेव्हा जावई खुर्ची गाडीतून ओढून बाहेर काढत होते. ती वर चढवून बघायची होती.

“खुर्ची आत द्या,” म्हातारे म्हणाले.

“अहो बाबा, तिच्यासाठीच तर दांडे बसवले!”

“दांडे छान आहेत. खुर्ची आत द्या.”

“मग मुलं बसणार कुठे रविवारी?”

“त्यांच्या जागेवर. खुर्ची माझ्या मांडीवर राहील.”

“सहा तास?” मुलगी म्हणाली. “बाबा, तुमच्या पायांना सहन होणार आहे का ते?”

“पायांना काही कळत नाही गं,” म्हातारे शांतपणे म्हणाले. “ती एक सोय आहे.”

मुलीने हातातल्या डब्यांकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे. जावई खुर्ची हातात धरून तसेच उभे. “लोक काय म्हणतील, वर रिकामे दांडे आणि आत...” ते पुटपुटले. दोन्ही हात पुढे करून म्हातारे थांबून राहिले.

मिस्त्रीने पिशवी खाली ठेवली. जावयांच्या हातातून खुर्ची घेतली, पायठेवणी वर दुमडली, म्हणजे गुडघ्यांना टोचणार नाही. मग ती आडवी करून दारातून अलगद आत सरकवली आणि म्हाताऱ्यांच्या मांडीवर टेकवली. म्हाताऱ्यांनी ती छातीशी घेतली.

“जड आहे?” मिस्त्रीने विचारलं.

“माझीच आहे,” ते म्हणाले. “आता तुम्ही कुठे?”

“घरी. आज लवकर.”

म्हाताऱ्यांनी मान हलवली.

मिस्त्री रस्ता ओलांडून बसथांब्यावर येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने गाडी बाहेर पडली. भर दुपारीही तिचे निळे दिवे चालूच होते. ती समोरच्या वाहनांमागे थांबली तेव्हा आतला गोडसर वास रस्त्यापर्यंत आला आणि मिस्त्रीने श्वास रोखून धरला. छतावरचे दोन दांडे उन्हात चमकत होते. मागच्या दाराच्या काचेला खुर्चीचं चाक टेकलं होतं. गाडी सुरू झाली तसं ते हलायला लागलं, आणि आतून एका रुंद हाताने ते धरलं.