पिकलच्या चेंडूचं धाकटं छिद्र

नोलीनचा हिशेब सरळ होता, मित्रांनो. मी घरात आलो की कुत्री गप्प राहील, कुत्री गप्प राहिली की शेजारी गप्प राहील आणि शेजारी गप्प राहिला की कुत्री घरात राहील. एका चेंडूच्या डोक्यावर किती ओझं ठेवावं माणसाने.

मी एक जुना लाल रबरी चेंडू आहे. पोकळ, जबड्यात बसेल पण घशात उतरणार नाही एवढा. एका जागी बसणं माझ्या जन्मात नाही. नुसता वारा आला तरी मी डुलतो. डोक्यावर थोरलं छिद्र, बुडाशी धाकटं. थोरल्यातून खाऊ भरतात. धाकटं कशाला, ते दुकानातल्या मुलीने नोलीनला सांगितलं होतं, "ते हवेसाठी आहे. मोकळं ठेवा, नाहीतर आत जीभ अडकते." नोलीन तेव्हा पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत होती.

ऑस्ट्रेलियातल्या टाऊन्सव्हिलमध्ये नोलीनचं भाड्याचं घर. ती वृद्धाश्रमात कामाला, सकाळी जायची ती तीनला परतायची. तिची पिकल गुरं वळणाऱ्या जातीची. वळायला गुरं नाहीत, म्हणून ती दिवसभर भुंकून रिकामं अंगण वळायची. शेजारी क्लॅरी ड्युगन, रेल्वेचे निवृत्त सिग्नलवाले. दुपारची झोप एवढीच त्यांची चैन, आणि तीच पिकलने पळवली होती. म्हणून त्यांनी नगरपालिकेतून भुंकण्याची वही आणली. आमच्याकडे तक्रार अशीच करतात: चौदा दिवस लिहायचं, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, तुम्हाला काय त्रास. घरमालकाने नोलीनला आधीच बजावलं होतं की वही नगरपालिकेत पोचली तर कुत्री घरात राहणार नाही.

"नऊ दिवस भरले, पोरी," क्लॅरी कुंपणावरून म्हणाले.

"उभ्या आयुष्यात एक पत्र लिहिलं नसेल तुम्ही, क्लॅरी. आणि कुत्रीवर ग्रंथ लिहिताय."

"ती रोज नवा मजकूर देते. पत्र लिहायला तसं कुणी भेटलं नाही."

"एक महिना द्या. चेंडू आणलाय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उशिरा आलेली मालगाडी. "महिनाभर सिग्नल लाल. मग मी वहीची गाडी सोडणार."

तो महिना मला धड झोप नव्हती. मी पिकलला सारखा मिळायचो नाही, यातच सगळं शिक्षण होतं. नोलीन माझ्यात बिनमिठाचं हाडांचं सूप भरून गोठवायची, बाहेर पडताना द्यायची आणि परतली की काढून घ्यायची. आधी पाच मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, मग पूर्ण पाळी. दाराला नखं लावणारी पिकल हळूहळू माझ्यात गुंतली. दीडच्या सुमारास पोस्टमन आला की मात्र मला टाकून धावायची.

"ते मी धरत नाही," क्लॅरी म्हणाले. "त्याच्या मोटारसायकलवर मीसुद्धा भुंकलो असतो." पण वही ते उशाशी ठेवत.

मग उन्हाळा तापला. सूप वितळून धाकट्या छिद्रातून ओसरीच्या फळ्यांवर ठिबकायला लागलं, मुंग्यांची रांग दारापर्यंत आली. घरमालक पाहणीला येणार होता. नोलीनकडे न्हाणीघराच्या फटी बुजवायचं सिलिकॉन उरलं होतं. तिने ते माझ्या बुडात भरलं, वर अंगठा दाबला आणि म्हणाली, "झालं."

मला काही झालेलं वाटेना. श्वासच कोंडला माझा. पण चेंडूचं कोण ऐकतो.

तिसऱ्या दिवशी ते घडलं. सूप चाटून संपलं, तळाशी राहिलेल्या थेंबासाठी पिकलने जीभ खोल घातली. आतली हवा ओढली गेली, आत यायला नवी हवा नाही. जीभ सुजली, सुजली तशी आणखी अडकली. ती मला फळ्यांवर आपटत होती, पंजांनी ढकलत होती. मी तिला सोडू पाहत होतो आणि तिला धरून ठेवणारा मीच होतो. घशातून आवाज निघत नव्हता.

पोस्टमन आला आणि गेला.

क्लॅरी खाटेवर उठून बसले. सवयीने पेन हातात होतं, पण लिहायला काही नव्हतं. चाळीस वर्षं गाड्यांची वाट पाहिलेला माणूस. वेळेवर न आलेली गाडी त्याला झोपू देत नाही. त्यांनी कुंपणावरून डोकावलं आणि त्या वयात कुंपण ओलांडलं.

"थांब, भांडखोर बाई, थांब," म्हणत त्यांनी पिकलला मांडीत दाबलं आणि खिशातल्या चाकूने सिलिकॉन उकरलं. फुस्स करून हवा आत आली. जीभ सुटली. चाकू घसरून माझी कूस फाटली, पिकलच्या नखांनी त्यांचा हात.

नोलीन आली तेव्हा क्लॅरी पिकलला टबातलं थंड पाणी पाजत होते. तिने मला उचलून बुडाकडे पाहिलं.

"वही देऊन टाका नगरपालिकेला," ती म्हणाली. "माझ्याकडे कुत्री राहू नये."

"तुझ्याकडे राहू नये असा चेंडू. कुत्री राहू दे. आणि पट्टी बांध आधी, पोरी, तुझ्या ओसरीवर रक्त सांडतंय. घरमालक येणार ना?"

मित्रांनो, आता मी कपाटात असतो, फाटलेला. माझ्या जागी दुसरा आहे. त्याची दोन्ही छिद्रं नोलीन रोज काडी घालून बघते. तुम्हीही बघा. खेळणं देऊन निघून जाणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

राहिला हिशेब. मी कूस दिली. पिकलच्या जिभेचं टोक कायमचं बधिर झालं. क्लॅरींच्या हाताला सहा टाके पडले. नोलीनला हवी होती ती शांतता मिळाली, पण सुटीच्या दिवशी कुत्री जरा गप्प बसली की ती हातातला चहा टाकून धावते. कुंपणापलीकडे क्लॅरीही उठलेले असतात. दुपारची झोप त्यांना काही परत मिळाली नाही.