चार बोटे कमी

मित्रांनो, मी एक जुनी तेलद्रोणी आहे. नाव ऐकून बिचकू नका. मालीश करून घेणाऱ्या माणसाला ज्यावर झोपवतात, ते लाकडी टेबल म्हणजे मी. चारी बाजूंनी बोटभर उंच काठ, मधे किंचित खोलगट आणि पायांच्या बाजूला एक भोक, म्हणजे अंगावरून ओघळलेले तेल खालच्या भांड्यात जमावे. सध्या मी मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते आणि माझ्यावर रजयांच्या घड्या रचलेल्या असतात. रजयांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या कधी ‘आहाहा’ म्हणत नाहीत. मी आयुष्यभर तेच ऐकत आले, त्यामुळे हल्ली मला फार चुकल्याचुकल्यासारखे होते.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. त्याची बायको मालीश करायची. तिला सगळे तेलमावशी म्हणत. लोकांच्या घरी जाऊन, जमिनीवर चटई टाकून, गुडघ्यांवर बसून ती काम करी. संध्याकाळी घरी आली की तिचे गुडघे टम्म सुजलेले असत. सुतार ते रोज बघायचा. मग एक दिवस त्याने दुकानात दोन वर्षे सावलीत मुरवलेले कडुलिंबाचे लाकूड बाहेर काढले आणि मापाचा गज घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला.

“अगं, जरा सरळ उभी राहा. हात सैल सोड. आता मूठ वळ.”

“अहो, दूध उतू जातंय!”

“जाऊ दे. मूठ वळ.”

दूध गेले. पण जमिनीपासून मावशीच्या मुठीपर्यंतचे माप सुताराला मिळाले. मालीश करणाऱ्याचे टेबल त्याच उंचीचे असावे लागते. तसे असले की हातांना ओढाताण करावी लागत नाही, अंगाचा भार आपोआप सरळ खाली उतरतो. मावशी चांगली उंचपुरी बाई होती, आतल्या दारातून येताना तिला मान झुकवावी लागे. म्हणून मीही उंच झाले. सुताराने मला घासूनपुसून रस्त्याकडच्या खोलीत ठेवले, तेव्हा मावशी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, “दुधाचं पातेलं आता तुम्हीच घासा.” हे तिचे कौतुक होते. सुताराला ते कळले, कारण तो दिवसभर शीळ घालत होता.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षे. सकाळी मावशी पितळी वाटीत तेल काढायची आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची. तेल थेट आचेवर तिने कधी ठेवले नाही. आधी एक थेंब स्वतःच्या मनगटावर, मगच दुसऱ्याच्या अंगावर. आलेल्या बाईचा हात ती हातात घेई, कातडी बघे, झोप कशी लागते ते विचारी. अंग कोरडे, हातपाय गार, झोप तुटक असेल तर ती म्हणे, “वात वाढलाय,” आणि तिळाचे तेल कोमट करायला ठेवी. अंगाची आग होणाऱ्या, बसल्या जागी चिडणाऱ्या बाईला खोबरेल. अंग जड पडलेल्या आळसावलेल्या बाईला तेल नाहीच, नुसत्या कोरड्या चूर्णाने खालून वर खसाखसा चोळणे. हातापायांवर लांब हात, सांध्यांवर गोल, पोटावर हलका. कोणी ताप अंगात घेऊन आले तर ती दारातूनच परत पाठवी. आणि जेवून आलेलीला तर अशी झापे की विचारू नका.

“भरल्या पोटी आलात? माझ्याकडे आलात की माझी परीक्षा बघायला आलात? जा, दोन-तीन तासांनी या.”

एकदा एका बाईने तिला विचारले, “मावशी, तुमच्या हातानं सगळं बरं होतं का हो?” मावशी हसली. “मी काय जादूगार आहे? शरीर म्हणजे तराजू असतो बाई. मी एक पारडं जरा सारखं करते. पुढं तुमचं जेवण, तुमची झोप आणि तुमची जीभ.” त्या बाईची जीभ गावभर प्रसिद्ध होती. ती पुढचे दोन आठवडे आली नाही.

मावशीची एक गंमत होती. तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाठी राहत. बाजारात कोणी ओळखीचे हसले की ती नुसती मान डोलवी. समोरची बाई वळून चालू लागली, की मग ही मागून ओरडे, “अगं बाई, शिंपीणबाई का! मान कशी आहे आता?” सतत शिलाईच्या यंत्रावर वाकून शिंपीणबाईच्या पाठीला आलेला बाक तिला दहा पावलांवरून ओळखू येई. माझेही तसेच. मी सगळ्यांना पाठीनेच ओळखते. वरून मावशीचे हात आणि खालून मी, अशी आम्ही दोघींनी मिळून कितीतरी माणसे सांभाळली.

मग सुतार गेला. तीन दिवस खोली बंद होती. चौथ्या दिवशी मावशी आली, कोरड्या फडक्याने तिने मला पुसले, माझे पायसुद्धा खाली वाकून पुसले, आणि काम सुरू केले. त्या दिवसापासून मला पुसायला तिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

काही वर्षांनी मावशीच्या मुलाचे लग्न झाले आणि घरात सूनबाई आली. चुणचुणीत, हसरी, आणि उंचीने मावशीच्या खांद्यालाही न लागणारी. तिला कामाची आवड होती. दाराशी उभी राहून ती मावशीचे हात बघे आणि स्वयंपाकघरात जाऊन कणकेच्या गोळ्यावर तसेच हात फिरवी. मावशीने ते एकदा पाहिले आणि म्हणाली, “कणकेला बरं वाटलं का? ये आत.” दीड-दोन वर्षांत सूनबाई तयार झाली. सकाळी मावशी, दुपारी सूनबाई, अशी वाटणी झाली. मला वाटले, आता आपले भाग्य दुप्पट झाले.

पण मित्रांनो, इथेच माझ्या हातून एक अपराध घडू लागला. मी तिच्यासाठी उंच होते.

मावशीचा भार माझ्यावर सरळ उतरायचा. सूनबाईचा तिरका यायचा. चवड्यांवर उभी राहून, खांदे कानांपर्यंत उचलून ती हात चालवायची. एक लाकडी पाट आणून तिने त्यावर उभे राहून पाहिले. पण मालीश करणारीला एका जागी उभे राहून चालत नाही, डोक्यापासून पायांपर्यंत सारखे फिरावे लागते. पाट सरकवायचा, चढायचे, उतरायचे. तेलकट फरशीवर तो एकदा घसरला आणि ती आपटता आपटता वाचली. पाट पुन्हा स्वयंपाकघरात गेला.

एकदा धीर करून तिने मावशीजवळ विषय काढला. “आई, ही द्रोणी जरा कमी करून घेता आली तर?”

मावशी तेल गाळत होती. तिने वर पाहिलेही नाही. “तिच्या पायांना करवत लागायची नाही. माझ्या मापानं केलीय त्यांनी.”

सूनबाईने पुन्हा हूं की चूं केले नाही. मला मात्र तेव्हा फार बरे वाटले, हे कबूल करते. आपले पाय कापले जाणार नाहीत याचा आनंद कोणाला होणार नाही?

हळूहळू बायका कुरकुरू लागल्या. सूनबाईचा हात हलका पडतो, मावशीसारखा लागत नाही. मावशीच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. “अगं, जोर जातो कुठं तुझा? जेवतेस ना वेळेवर?” सूनबाई खाली मान घालून म्हणे, “जेवते आई.” तिचा जोर कुठे जात होता हे मला ठाऊक होते. स्वतःला माझ्या उंचीपर्यंत उचलून धरण्यात तो अर्धा संपत होता. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते. पण लाकडाने बोलायचे कसे? फार तर करकरायचे. मी करकरले. मावशीने माझ्या सांध्यांना तेल लावले.

अशी सहा वर्षे गेली.

एका दुपारी शिंपीणबाई येणार होत्या म्हणून सूनबाई तेलाची वाटी गरम पाण्यातून उचलत होती. वाटी हातातून सुटली. सगळे तेल फरशीवर. आवाज ऐकून मावशी आतून आली ती तोंड सोडतच. “लक्ष कुठं असतं तुझं? घाण्याचं तेल आहे ते, पाणी नव्हे!”

सूनबाई वाकून वाटी उचलायला गेली आणि तिची बोटे वळेनात. उजव्या हाताची मूठ अर्धवट मिटून थांबली. तिने घाईने डावा हात पुढे केला. मावशीने तिचा उजवा हात धरून पाहिला.

“झोप,” ती म्हणाली.

“आई, शिंपीणबाई येतील आता.”

“येतील आणि बसतील. तू झोप आधी.”

सहा वर्षे माझ्याजवळ उभी राहिलेली ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर झोपली. किती हलकी होती! मावशीने नवे तेल कोमट केले आणि मानेपासून हात लावला. उजव्या खांद्याच्या पात्याखाली तिचा अंगठा अडला. तिथे सुपारीएवढी गाठ होती. मावशी तिथे बराच वेळ थांबली. मग कंबर. मग पोटऱ्या. पोटऱ्यांवर हात पडताच ती दचकलेली मला जाणवली. त्या दोरासारख्या कडक झाल्या होत्या.

“अशा पोटऱ्या कुणाच्या असतात, माहितीये?” मावशीचा आवाज बदलला होता. “ज्यांच्या टाचा दिवसभर टेकत नाहीत त्यांच्या. कधीपासून हे?”

सूनबाईने पाय आखडून घेतले.

“मी विचारते, कधीपासून?”

“पहिल्यापासून, आई.”

मग मावशीने एक विचित्र गोष्ट केली. ती माझ्या बाजूला आली, गुडघे वाकवून सूनबाईच्या उंचीएवढी खाली झाली आणि तिथून तिने एक लांब हात मारून पाहिला. खांदे वर गेले. टाचा सुटल्या. हात मधेच अडकला. तिने दुसऱ्यांदा केले, तिसऱ्यांदा केले. मग ती सावकाश सरळ झाली आणि काठावर हात ठेवून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या काठावर पडले. “साऱ्या गावाच्या पाठी मला पाठ आहेत,” ती म्हणाली, “आणि घरातली एक पाठ मी बघितली नाही गं.”

“आई, असं नका बोलू.”

“तू गप्प पड. सहा वर्षं गप्प होतीस, आणखी अर्धा तास राहा.”

दुसऱ्याच दिवशी तिने एका सुताराला बोलावले. हा सुतार तिच्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला. त्याने सूनबाईची मूठ वळवून माप घेतले, माझ्या पायांवर खुणा केल्या आणि करवत हातात घेऊन तसाच बसून राहिला.

“मावशी, चार बोटं कमी होतील. मग तुम्हाला वाकून काम करावं लागेल. या वयात तुमची कंबर धरेल. असं करू, तुमच्या वेळेला पायांखाली ठोकळे लावत जाऊ.”

“तेलकट फरशीवर ठोकळे? आणि वरचं माणूस डुगडुगून पडलं म्हणजे?”

“मग तुमचं काम?”

“माझं काम झालं बाबा.” मावशी खाली बसली आणि तिने माझा एक पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला, हलू नये म्हणून. “त्यांनी ही माझे गुडघे बघून केली होती. ते आज असते तर हिच्या पोटऱ्या बघून त्यांनी कधीच कापली असती. मीच वेडी, मापाला धरून बसले. लाव करवत.”

दुखले का, असे विचाराल तर दुखले. पण करवतीपेक्षा मावशीचे हात जास्त लक्षात राहिले. चारही पाय तिनेच धरले, एकामागून एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने ती कामाला उभी राहिली. दोन बायकांना मालीश केले. तिसरीच्या वेळी तिने कमरेवर हात ठेवला, सूनबाईकडे पाहिले आणि फडके तिच्या हातात दिले. त्यानंतर मावशीने माझ्यावर कधी काम केले नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ती तेल कोमट करून द्यायची आणि शेंगा सोलायची. मला तिच्या हाताची फार आठवण यायची. अजून येते.

सूनबाईचा खांदा सुटायला वर्ष गेले. थंडीत तो पुढेही दुखायचा, सगळेच काही भरून येत नाही. पण तिच्या टाचा टेकल्या. तिचा भार माझ्यावर सरळ उतरू लागला, आणि एके दिवशी शिंपीणबाई पालथ्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, “मावशी, सूनबाईचा हात आता अगदी तुमच्यासारखा लागतो हो.”

मावशी कोपऱ्यातून म्हणाली, “माझ्यासारखा नाही. तिच्यासारखा लागतो.”

हे मावशीने केलेले दुसरे कौतुक. त्या दिवशी सूनबाईने हात थांबवला नाही, पण ती रडत होती हे मला कळले.

मित्रांनो, आता मावशी नाही. सूनबाईनेही काम थांबवले आहे. गावात नवे केंद्र निघाले आहे, तिथली टेबले म्हणे पायाने कळ दाबली की वरखाली होतात. होऊ देत, मला आनंदच आहे. माझे एवढेच मागणे आहे. तुम्हाला कोणी तेल लावते, पोळ्या करून देते, तुमचे कपडे दोरीवर वाळत घालते. त्यांच्याजवळ एकदा जाऊन उभे राहा आणि खाली बघा. त्यांच्या टाचा टेकल्या आहेत का? ओटा, दोरी, फळी कोणाच्या मापाची आहे? ती स्वतःहून सांगणार नाहीत, कारण अशी माणसे सांगत नसतात. तुम्हीच विचारा, आणि करवत शोधायला सहा वर्षे लावू नका.