एकाच खोचेची नाणी

कोंढा गावाच्या शिवारातल्या एका एकाकी खोलीत भुपेंद्रनं गाठोडं सोडलं आणि पिवळीधमक नाणी चटईवर ओतली. अमेरिकेची, पाच डॉलरची, शंभर वर्षांपूर्वीची. एका बाजूला बाईचं मुख, दुसरीकडे पंख पसरलेला गरुड. विहीर खणताना सापडली, असं त्याचं म्हणणं.

"पाहून घ्या साहेब."

त्याचा जोडीदार डोमा दाराला कडी घालून उभा होता.

जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी करणाऱ्या अश्वजितला जुन्या नाण्यांचा नाद होता. मागच्या महिन्यात त्याचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान मंगरू, यांनी ह्याच लोकांकडून एक नाणं आणलं. अश्वजितनं ते तोललं, भिंगाखाली फिरवलं, "अस्सल सोनं!" म्हणाला आणि हौसेनं स्वतःच विकत घेतलं. त्याच शब्दावर विसंबून भाऊजी आज जन्माची कमाई बनियनच्या आत बांधून आले होते.

अश्वजितनं भिंग डोळ्याला लावलं. गरुडाच्या पंखाखाली बारीक खोच, खिळा टोचल्यासारखी. दुसरं नाणं उचललं. तीच खोच, त्याच जागी. तिसऱ्यावरही. अशीच खोच त्याच्या खिशातल्या खऱ्या नाण्यावर होती. म्हणजे विकण्याआधी त्या एकाचा साचा काढून ही सगळी पितळेची ओतली होती, वरून सोन्याचं पाणी.

"खरं हाय ना, अश्वजित?" मंगरूचा हात सदऱ्याच्या गुंडीकडे गेला.

"खरं हाय." अश्वजितनं आवाज सांभाळला. "पण आज थोडे कायले घ्याचे? माहे दोस्तबी येतात. उद्या सगळाच माल उचलू."

भुपेंद्रनं डोळे बारीक केले. डोमा दारातून हलला नाही.

"अरे पण मी त—" मंगरू बोलू लागला.

"तू गप बस! तुले काय समजते यातलं?"

थोरल्या भाऊजींना त्यानं कधी 'तू' म्हटलं नव्हतं. अश्वजितनं खिशातलं नाणं काढून चटईवर ठेवलं. "हा उद्याच्या सौद्याचा बयाना. तुमचंच होतं, खरं-खोटं तुमाले ठाऊक."

भुपेंद्रनं ते उचललं, हातावर घटकाभर तोललं आणि डोमाला मान हलवली. कडी निघाली.

वाटेतल्या तळ्याच्या पाळीवर मंगरूनं गाडी थांबवायला लावली.

"परक्यासमोर मले तू म्हणतं?"

"भाऊजी, पितळ होतं ते."

"जळते तुले माह्या फायद्यानं! फिरव गाडी!"

अश्वजितनं चावी काढून मुठीत धरली. "आधी पोलिसात चला. मंग म्हणसान तिकडे फिरवतो."

पोलीस घेऊन परतले तेव्हा खोली उघडी होती, चटई तशीच, माणूस एकही नाही. शिपायानं चुलीतली राख उकरली. मातीचा फुटका साचा निघाला, कडेला पितळ चिकटलेलं. अश्वजितचं नाणं अर्थात गेलं ते गेलंच.

मंगरूनं साचा हातात घेतला. सदऱ्यावरून बनियन चाचपलं. पैसे जागेवर होते. मग तो उंबरठ्यावर बसला आणि भडाभडा ओकला. अश्वजित पाणी आणायला बोअरिंगकडे धावला.