अर्धी शीळ

दहाव्याला आळंदीच्या घाटावर कावळा लगेच शिवला. जयमालाचं काही राहिलं नव्हतं, असं सगळे म्हणाले. तेरावं उरकून तिचा नवरा रोहिदास चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाऊ लागला. आई डबा द्यायची, तो खायचा. काय भाजी होती, ते मात्र आठवायचं नाही.

जयमाला भीमाशंकरच्या रानातली. चऱ्होलीत नांदायला आली तेव्हा भाकरी थापताना शीळ घालायची. बाईमाणसाची शीळ घरात चालत नाही, म्हणून आईने दम दिला. मग आई देवळात गेली की घालायची. माहेरच्या ओढ्यावर कस्तूर नावाचा पक्षी आहे, त्याची ही शीळ, असं सांगायची. पण दर वेळी मध्येच तोडायची. रोहिदास चिडवायचा, "पुढचं विसरलीस का गं?" ती हसून पहिल्यापासून सुरू करायची.

आता त्याला चाल आठवेना. तुटायची तेवढी जागा आठवे. निदान पुढचं तरी ऐकावं, म्हणून श्रावणातल्या सुट्टीला तो मेहुण्याकडे गेला.

मेहुणा भिमाजी त्याला पहाटे ओढ्यावर घेऊन गेला. झाडीखाली अंधारच होता. पाण्यातल्या दगडावर साळुंकीएवढा, पण थोराड, काळा पक्षी बसलेला. त्याने खेकडा दगडावर आपटून आपटून खाल्ला. उजेड आला तसे त्याचे कपाळ आणि खांदे निळे चमकले. मग एकटा माणूस वाटेने चालताना घालतो तशी त्याने शीळ घातली. वर गेली, खाली आली आणि तुटली. पुन्हा पहिल्यापासून.

रोहिदास बराच वेळ थांबला. "पुढचं कधी म्हणतो?"

"पुढचं न्हाईच, दाजी. तो असाच सोडतो."

"जयमाला कधी बोलली नाही."

"बोलली असती तर तुमी चिडवायचं थांबला असता ना. आम्हाला सांगून हसायची."

रोहिदासने मान हलवली. पायाखालचं शेवाळ निसरडं होतं, तो सांभाळून वर आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, चऱ्होलीला परतल्यावर, चहा ठेवताना त्याने ओठ जुळवून बघितले. नुसती हवा आली. देवापुढे बसलेली आई मागे न बघता म्हणाली, "घाल की. मी कुठं न्हाई म्हणते."

त्याने चहा गाळला. एक कप आईपुढे ठेवला आणि कंपनीची बस गाठायला निघाला.