इथे असं कोणी नाही

गुरुवारी दुपारी या, घरात कोणी नसतं, असं शिवणवालीने संस्थेच्या बाईंना फोनवर चोरून सांगितलं होतं. नंबर तिला शर्टांच्या कारखान्यातल्या मैत्रिणीने दिलेला. चालता-बोलता न येणाऱ्या मुलांच्या आयांनीच काढलेली संस्था ती. आठवड्यातून तीन दिवस गाडी पाठवून मुलांना नेतात, व्यायाम शिकवतात. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या बबडीसाठी कोणीतरी येणार होतं. आणि नेमके त्याच दुपारी नणंदेच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे टपकले!

सासूबाईंनी फर्मान सोडलं, "तिला आत टाक आणि दार लोटून घे. हूं की चूं ऐकू येता कामा नये."

"अहो आई, पण तासभर..."

"तोंड वर करून बोलू नकोस! असलं पोर घरात आहे म्हटल्यावर माझ्या लेकीला कोण करून घेणार?"

असलं पोर म्हणे! सख्खी नात, पण या आजीने तिला एकदा मांडीवर घेतली असेल तर शपथ. आणि पोरीचा बाप? तो पेपरात डोकं खुपसून बसला होता. त्याचं हे नेहमीचंच.

पाहुणे बसले, सरबत फिरलं. मुलाच्या आईने विचारलं, "घरात तुम्ही चौघंच ना?"

"चौघंच," सासूबाई गोड हसल्या.

तेवढ्यात दार वाजलं. शिवणवालीने उघडलं. समोर संस्थेच्या बाई, हातात अर्ज.

"इथे बारा वर्षांची मुलगी आहे ना? तिच्या आईचा फोन आला होता."

मागे सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"पत्ता चुकला तुमचा," शिवणवाली म्हणाली. "इथे असं कोणी नाही."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्या जिना उतरू लागल्या.

दार लावून ती आतल्या खोलीत डोकावली. बबडी गादीवर पडली होती, आपलाच वाकडा हात तोंडावर गच्च दाबून. तिने सगळं ऐकलं होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज नाही. पाहुणे आले की असं गप्प राहायचं, हे तिला शिकवलं कोणी? आईनेच. गोळ्या-चॉकलेटं दाखवून शिकवलं होतं.

शिवणवालीला स्वतःचीच किळस आली. ती धावत जाऊन जिन्यात ओरडली, "ताई, थांबा! खोटं बोलले मी! आहे माझी मुलगी!"

"ही चक्क फसवणूक आहे," म्हणत मुलाच्या आईने पर्स उचलली आणि ती मंडळी निघाली.

"वैरीण आहेस तू माझी!" नणंद रडत म्हणाली.

शिवणवालीने कोणाकडे लक्ष दिलं नाही. कडेवर न मावणारी लेक तिने उचलून आणली आणि पुढच्या खोलीत सोफ्यावर बसवली. परत वर आलेल्या बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, अर्ज उघडला.

"हिचं पूर्ण नाव सांगा."

"आमचं आडनाव लावायचं नाही तिला!" सासूबाई किंचाळल्या.

"अगं, जरा हळू सांग..." नवरा पुटपुटला.

तिने त्याच्याकडे बघत लेकीचं नाव घेतलं, मग त्याचं, मग आडनाव. तेही खणखणीत, जिन्यातल्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं. आवाज ऐकून शेजारच्या चारही दारांतून माणसं बाहेर आली. ती सगळी माणसं बारा वर्षं याच मजल्यावर राहत होती. त्यांतल्या एकानेही या मुलीचं नाव आजवर विचारलं नव्हतं.